ऐ ऐरणीचा, प पुंगोलचा

सिंगापुरातल्या मराठी घरात तीन वस्तू हमखास सापडतात. कुकरची जादा रिंग, गोडा मसाल्याचा डबा आणि एक अंकलिपी. पहिल्या दोन वापरात असतात.

अंकलिपी आजोबांनी अप्पा बळवंत चौकातून आणलेली असते. वजन नगण्य, किंमत किरकोळ, पण सोबत आलेली जबाबदारी एवढी मोठी की ती वर्षभर फ्रिजच्या डोक्यावर पडून राहते. मग मुलाला पाचवं लागतं आणि एका रविवारी बाबांना जाग येते. चहा होतो, मोबाइल पालथा घातला जातो, बाबांच्या मांडीवर मूल आणि मुलाच्या मांडीवर अंकलिपी अशी मांडणी होते. आई फोटो काढते, फोटो गटावर जातो, बदाम येतात. तोवर सगळं छान असतं.

मग ऐ येतो. ऐ ऐरणीचा.

"ऐरण म्हणजे?"

"लोहाराकडे असते ती."

"लोहार म्हणजे?"

बाबा क्लाउडमध्ये काम करतात. ढ ढगाचा आला असता तर तासभर बोलले असते. पण लोहार? त्यांनी स्वतः ऐरण पाहिली ती अंकलिपीतच, आणि त्यांच्या बाबांनीही बहुधा तिथेच. पान उलटावं तर औ औताचा. उ उखळाचा. ख खटाऱ्याचा. य यज्ञाचा. सिंगापूरच्या पुंगोल उपनगरात पंधराव्या मजल्यावर बसून ते पोर एका गावाची खानेसुमारी करत असतं, ज्या गावातून त्याच्या पणजोबांनीच काढता पाय घेतला होता. ण पर्यंत पोचलं तर नशीब. ण बाणाचा. "मग ब बाणाचा का नाही?" या प्रश्नाला उत्तर नाही. ङ आणि ञ यांच्यापुढे तर चित्रकारानंच हात टेकलेले असतात. रिकामा चौकोन.

रविवारचा तास तिथे संपतो. अंकलिपी पुन्हा फ्रिजवर.

यात मुलाचं काय चुकलं? अक्षर शिकवायला काढलेलं पुस्तक अक्षराआधी वस्तू शिकवायला लावतं, आणि वस्तू अशी की शिकवणाऱ्यालाही ठाऊक नाही. 'ऐ' हा आवाज त्या मुलाला नवा नाहीच. घरात दिवसभर "ऐक ना जरा!" चालू असतं. ऐ ऐकचा. पण 'ऐक'चं चित्र काढता येत नाही, म्हणून ऐरण आली आणि ठाण मांडून बसली.

खरं सांगायचं तर या घरातली अंकलिपी मुलासाठी नसतेच. ती बाबांसाठी असते. बाबांना आपली पहिलीची इयत्ता परत हवी असते, आणि ती मिळवायला एक मूल लागतं.

*

मुलासाठी अंकलिपी करायची तर खिडकीबाहेर बघा.

घ घराचा कशाला, घोरपडीचा करा. पुण्यातल्या मुलानं घोरपड पाहिली असेल तर प्राणिसंग्रहालयात. सिंगापुरातलं मूल तिला कालव्याच्या काठी, बोटॅनिक गार्डनच्या तळ्याशी, कधी कधी थेट सायकलच्या वाटेवर आडवी आलेली बघतं. शेपूट धरून दीड-दोन मीटर ऐवज. वर तानाजीची गोष्ट फुकट. त्याची घोरपड यशवंती कडा चढली की नाही यावर इतिहासवाल्यांनी काय भांडायचं ते भांडावं, पाच वर्षांच्या मुलाच्या मनात शंका नसते, कारण त्यानं तिची नखं पाहिलेली असतात. त्या दिवशी त्याला घ शिकवायचा नसतो. घ त्यानं मागितलेला असतो.

प पाणमांजराचा. बिशान पार्कातली आणि मरिना बेतली पाणमांजरांची कुटुंबं इथल्या वर्तमानपत्रांत नावानिशी गाजतात, त्यांची भांडणं छापून येतात. उ उसाच्या रसाचा, हॉकर सेंटरमध्ये मिळतो तो. ल लिफ्टचा, कारण या शहरात मूल पहिलं काय वाचत असेल तर लिफ्टमधलं बटण. ड ड्युरियनचा, एमआरटी या मेट्रोच्या स्टेशनात ज्याच्यावर फुली मारलेली असते तो. ब बसचा. छ छत्रीचा, इथे जुनी अंकलिपीही बरोबर निघाली, कारण पाऊस रोजचा. ज्ञ मात्र ज्ञानेश्वरांचाच राहू द्या. तिथे सिंगापूर सरकारचाही इलाज नाही.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या मास्तरणीबाई होत्या. माओरी मुलांना सरकारी वाचनपुस्तकातली गुळमुळीत गोरी मुलं काही केल्या पचेनात, तेव्हा बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि एकेका पोराला विचारलं, तुला आज कुठला शब्द हवा? पोरं सांगत ते शब्द भीतीचे, मायेचे, भांडणाचे. बाई तो जाड पुठ्ठ्यावर लिहून देत. एकदा बघितलेला तो शब्द पोरं विसरत नसत. हे सगळं त्यांच्या 'टीचर' या १९६३ च्या पुस्तकात आहे. पुठ्ठा कुठलाही चालतो. ॲमेझॉनचा खोका तर घरोघरी आहेच.

*

आता सरकारी मातृभाषेकडे येऊ.

सिंगापूरच्या शाळेत इंग्रजी सगळ्यांना आणि वर एक मातृभाषा सगळ्यांना. मातृभाषा म्हणजे चिनी, मलय किंवा तमिळ. १९९० च्या सुमारास भारतीय मुलांसाठी यादी लांबवली: बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी, उर्दू. संपली यादी. त्यामुळे मराठी आईबाप पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी बसतात आणि मुलाची मातृभाषा कोणती असावी यावर चर्चा करून हिंदीवर खूण करतात. आई समोरच बसलेली असते.

सहावीच्या शेवटी पीएसएलई नावाची परीक्षा असते. विषय चार, त्यातला एक मातृभाषा. म्हणजे हिंदीला गुण आहेत. मराठीला आजी आहे.

इथे हात वर करून अन्यायाची घोषणा द्यायची पद्धत आहे. मला ती जमत नाही. खुद्द महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवायची तर २०२० साली कायदा करावा लागला. तिथे ही कथा, तर विषुववृत्ताजवळच्या परक्या सरकारनं आपल्या मुलांना 'ळ' शिकवावा ही मागणी कुठल्या तोंडानं करायची? आणि हिंदीनं आपलं नुकसान केलं म्हणावं तर तेही खोटं. उलट आयती देवनागरी घरात आली. शनिवारच्या हिंदीच्या वर्गाला सोडायचं, वर्ग सुटला की घ्यायला जायचं, पोराला लिपी आलेली असते. परदेशातल्या बऱ्याच मराठी पोरांना हे भाग्य नाही. डॅलसमधल्या बापाला क पासून सुरुवात करावी लागते.

गंमत पुढे आहे. दुसरीतली पोर. हिंदी वाचनात वर्गात पहिली. आजी पुण्याहून आलेली. पोर मराठी पुस्तक उघडते आणि ठणठणीत आवाजात वाचते: "माझं झाड मोठं झालं."

अक्षर एकही चुकलेलं नाही. पण झ तिन्ही ठिकाणी हिंदी शाळेतला. 'झं', 'ठं', 'लं' या तिघांवरचे अनुस्वार नाकातून, 'मैं' आणि 'में'च्या चालीवर. 'माझं'चं माझँ, 'मोठं'चं मोठँ. आजी चष्मा काढून बघते. "अगं, ही कुठली भाषा?" पोरीचा चेहरा पडतो, कारण तिच्या हिशोबानं तिनं दहापैकी दहा वाचलेलं असतं. आणि मजा म्हणजे तीच पोर पाच मिनिटांनी दुधाच्या कपावरून भावाशी भांडताना "माझं आहे ते!" असं म्हणते, तेव्हा झही अस्सल आणि अनुस्वारही जागच्या जागी, नाकाला न लावता.

म्हणजे मराठी तोंडात आहे, कागदावरून तोंडापर्यंत येताना ती हिंदी सिग्नलला थांबते. इलाज एका वाक्याचा आहे: "आपण बोलतो तसं वाच." उच्चाराचे नियम सांगू नका. च कधी चमच्यातला आणि कधी चिमणीतला, याचं व्याकरण तुम्हाला तरी येतं का? आधी तुम्ही वाक्य वाचा, मग तिला वाचू द्या. तिच्या कानात भाषा आहे, ती आपोआप जुळवून घेते. एकेका शब्दाला अडवून दुरुस्त्या करणारी आजी मात्र तिसऱ्या ओळीला श्रोता गमावते.

हिंदीवाल्या पोरांना आणखी एक खड्डा लागतो तो ल आणि श यांचा. मराठीचं वळण वेगळं, हिंदीचं वेगळं. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ ला वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळणाचे ल आणि श कायम केले. छान केलं. फोननं तो निर्णय वाचलेला नाही. पोर शाळेत एक ल बघते, आईच्या मोबाइलवर तोच बघते, आणि आजीच्या पुस्तकात भलताच. याला रडायचं कारण नाही. इंग्रजीतला छापील लहान 'ए' आणि हाताने लिहितो तो 'ए' दोन वेगळ्या तोंडांचे असतात, ते तिनं केव्हाच पचवलेलं असतं. "हा ल पुण्याचा" एवढं सांगितलं की पुरतं.

त्याच निर्णयात ॲ आणि ऑ यांना स्वरांत जागा मिळाली, म्हणजे बाराखडीची चौदाखडी झाली. ऑर्चर्ड रोडवर वाढणाऱ्या मुलांसाठी एवढी सोयीची गोष्ट मंत्रालयातून क्वचितच निघाली असेल.

*

पैशाचं बोलू. सिंगापूरच्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार २०२३ साली इथल्या कुटुंबांनी खासगी शिकवण्यांवर १.८ अब्ज सिंगापूर डॉलर घातले. २०१८ च्या पाहणीत हा आकडा १.४ अब्ज होता. मधल्या काळात, २०१९ पासून, सरकारनं पहिली-दुसरीच्या परीक्षाच बंद केल्या. परीक्षा गेली, शिकवणी राहिली. इथे 'कियासू' नावाचा होक्कियन शब्द राष्ट्रीय गुणधर्म म्हणून मिरवतात, मागे पडायची धास्ती असा त्याचा मामला. मराठी माणूस दोन वर्षांत स्थानिक होतो तो या बाबतीत.

त्यामुळे पोर चार वर्षांचं होताच फोनिक्सच्या वर्गाला जातं. वातानुकूलित खोली, गोल गालिचा, मऊ खेळणी. तिथे काय शिकवतात? एबीसीडी नव्हे. सुरुवातीला मोजकी अक्षरं: एस, ए, टी, आय, पी, एन. का? तर एवढ्यातूनच भराभर शब्द होतात. सॅट, पिन, टॅप, निप. पहिल्याच आठवड्यात पोर 'वाचतं'. आईबाप थक्क. काय शास्त्रशुद्ध पद्धत आहे! पाश्चात्त्य लोक कसा विचार करतात बघा!

आता जरा ग म भ न म्हणून बघा.

आपल्या पंतोजींनी वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून गिरवायला सोपी, एकमेकांच्या वळणाची अक्षरं आधी घेतली. ग, म, भ, न. आणि शब्द? मग. मन. नग. नभ. गगन. नमन. आता फक्त काना द्या: मामा. नाना. नाग. भाग. मान. "मामा, नाग!" चार अक्षरं आणि एक काना एवढ्या भांडवलावर थरारकथा उभी राहिली. हे आपल्याला फुकट मिळालेलं होतं, म्हणून आपण ते विसरलो. इंग्लंडातून जॉली फोनिक्सच्या वेष्टनात, डॉलरमध्ये आलं तेव्हा पटलं.

इंग्रजीला फोनिक्सचा एवढा आटापिटा लागतो त्याचं कारणही आहे. सेमूर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली युरोपातल्या डझनभर भाषांमधली पहिलीची मुलं ताडून पाहिली. वर्षअखेरीस फिनिश मुलं साधे शब्द शंभरातले अठ्ठ्याण्णव बिनचूक वाचत होती. इंग्रजी शिकणारी स्कॉटिश मुलं चौतीस. मुलं मंद नव्हती, स्पेलिंग नाठाळ होतं. देवनागरी या बाबतीत फिनिशच्या बाजूची, लिहिलं तसं बहुतेक वाचायचं. पण आपली मेख दुसरीकडे आहे. अक्षरं, त्यांच्या काना-मात्रा-वेलांट्या, वर जोडाक्षरं, ही सगळी मिळून चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला, त्यात हेच दिसतं: अशी लिपी पक्की व्हायला चौथी उजाडते. घाई करून भागत नाही.

आणि आपण काय करतो? पाचव्या वर्षी बाराखडी पाठ करून घेतो. क का कि की कु कू. चाल इतकी पक्की की पोर झोपेतही म्हणेल. मधूनच 'की'वर बोट ठेवून विचारा हे काय, तर ते क पासून गात गात तिथवर येतं. पाहुण्यांसमोर मात्र झकास दिसतं.

*

फलटणच्या मंगळवार पेठेत ज्या मुलांना शाळेनं वाऱ्यावर सोडलं होतं, त्यांना मराठी वाचायला शिकवण्याचं काम एका बाईंनी सुरू केलं. नाव मॅक्सिन बर्नसन. जन्म अमेरिकेतला. साठच्या दशकात भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या, पुढे भारताच्या नागरिक झाल्या. १९८४ मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली, तिची शाळा म्हणजे कमला निंबकर बालभवन. ज्यांच्या नावाची शाळा त्या कमलाबाईसुद्धा जन्मानं अमेरिकनच. अक्षरं मोजकी घ्यायची, त्यांचे लगेच शब्द करायचे, गोष्टी मोठ्यानं वाचून दाखवायच्या, पुस्तकं पोरांच्या हाताला लागतील अशी ठेवायची आणि पोरांना त्यांच्या मनातलं लिहू द्यायचं, शुद्धलेखन मागाहून. यात कुठेही गालिचा नाही.

अमेरिकेतून आलेल्या बाईंनी फलटणच्या पोरांना मराठी वाचायला शिकवलं. साताऱ्यातून सिंगापूरला आलेल्या अभियंत्याला आपल्या एका पोराला शिकवता येत नाही, कारण वेळ नाही. हे वाक्य मी बदलून, मऊ करून पाहिलं. नाही झालं.

वेळेचंच म्हणाल तर दहा मिनिटं पुरतात. झोपताना, पुस्तक मध्ये, बोट शब्दाखालून सरकतंय, वाचणारे तुम्ही. पोर जांभई देईपर्यंत. ओळखीचं पान आलं की ते स्वतःच पुढचा शब्द म्हणू लागतं. आधी पाठ म्हणतं, मग बघून म्हणतं, मग खरोखर वाचतं, आणि यातलं कुठलं केव्हा झालं ते तुम्हाला कळत नाही. इंग्रजीत हे सगळे मराठी आईबाप चोख करतात. व्हिवोसिटीत, खरेदीच्या मधोमध, समुद्राकडे तोंड केलेलं सरकारी वाचनालय आहे. पुंगोलमध्ये २०२३ साली नवं कोरं विभागीय वाचनालय झालं. रविवारी जाऊन बघा, आपलीच मंडळी फरशीवर फतकल मारून पोराला इंग्रजी चित्रपुस्तक वाचून दाखवत असतात, आवाज बदलून, अस्वलाचा वेगळा, सशाचा वेगळा. तीच मंडळी घरी आली की मराठीसाठी अंकलिपी काढतात आणि मास्तर होतात. इंग्रजीचा ससा, मराठीची छडी. पोरानं कुणाकडे जावं?

"पण मराठीत तशी पुस्तकं कुठे आहेत?" हा प्रश्न फार आत्मविश्वासानं विचारला जातो. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' आहे, त्यातली माणसं तुमच्याच घरातली वाटतील. त्यांनीच संपादित केलेलं 'वाचू आनंदे' आहे. बालसाहित्यासाठी त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, म्हणजे ही काही गुप्त माहिती नाही. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर सुरू केलं, त्यावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावून ठेवल्यात, छापून घ्या, पोराला रंगवू द्या. एवढंच करा, पहिल्या पातळीपासून सुरू करा. एका बाबांनी थेट चौथी काढली होती. मुलगा हुशार आहे म्हणाले.

*

प्रथमचाच दुसरा उद्योग म्हणजे 'असर'. २००५ पासून त्यांची माणसं खेड्यापाड्यांत घरी जाऊन मुलांचं वाचन तपासतात. एक कागद. त्यावर सुटी अक्षरं, सुटे शब्द, चार सोप्या वाक्यांचा पहिलीचा उतारा आणि दुसरीची एक छोटी गोष्ट. पोर जिथवर जाईल ती त्याची पातळी. दर पाहणीनंतर आकडे येतात, आणि सिंगापुरातल्या दिवाणखान्यात आपण ते वाचून हळहळतो. काय हो ग्रामीण महाराष्ट्राची अवस्था, पाचवीतल्या मुलाला दुसरीचं वाचता येत नाही!

तो कागद मराठीत उपलब्ध आहे. मागवा आणि आपल्या चौथीतल्या चिरंजीवांपुढे ठेवा. रोबोटिक्स आणि बुद्धिबळाच्या मधल्या वेळात होऊन जाईल. अक्षरं येतील, हिंदीची कृपा. शब्दांत ळ आला की वेग मंदावेल. उताऱ्यात पोर घाम पुसेल. गडचिरोलीतलं तिसरीतलं एखादं पोर ती गोष्ट वाचून, पाटी ठेवून, खेळायला निघून गेलेलं असेल.

मग तो कागद बाबांना द्या. मोठ्यानं वाचायला सांगा. बाबा अडणार नाहीत, पण वाचताना त्यांच्या आवाजाचं काय होतं ते ऐका. कित्येक वर्षांत मराठीचं सलग पान त्यांनी मोठ्यानं वाचलेलं नसतं. एखाद्या पानात ५९ आला की ते फिफ्टी नाइन म्हणून पुढे जातात. आईची परीक्षा वेगळी: गटावरचे निरोप. मराठी शाळा सुरू व्हावी, मुलांना लिपीची गोडी लागावी, असा कळकळीचा निरोप मी वाचला तो अख्खा रोमन लिपीत होता. खालचे अंगठे मात्र शुद्ध.

लिहिणाऱ्यांचा इथे तोटा नाही, हेही नोंदवायला हवं. तिसरं विश्व मराठी साहित्य संमेलन २०११ साली याच बेटावर भरलं, अध्यक्ष महेश एलकुंचवार. महाराष्ट्र मंडळाचा 'ऋतुगंध' निघतो, 'शब्दगंध'मध्ये कवी जमतात आणि एकमेकांना ऐकवतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली तेव्हा पेढेही वाटले गेले असतील. फक्त हे सगळं चालू असताना घरातल्या पोरानं बाबांच्या हातात मराठी पुस्तक पाहिलेलं नसतं. मोठी माणसं ज्या अर्थी हे वाचत नाहीत, त्या अर्थी ही लहान मुलांची शिक्षा असणार, असा त्यानं तर्क केला तर तो फोनिक्सच्या वर्गात शिकलेल्या तर्काला धरूनच आहे.

डिसेंबरच्या सुटीत आजी येणार आहे. सामान तीस किलो. गटावर यादी फिरतेय: भाजणी, कुळथाचं पीठ, बाकरवडीची सहा पाकिटं, मेतकूट, आणि जागा उरली तर पुस्तकं. यादी उलटी करा. सहातली चार पाकिटं काढली की 'राधाचं घर' सगळंच्या सगळं बसतं आणि किशोरचे दिवाळी अंकही. बाकरवडी सेरंगून रोडवर मिळते.